अनोळखी उपकरण

पेटी मूग गिळून बसलीय.
आठ खाचा, आठ बटणं, पुढ्यात एकच दिवा.
निळा हवा, तर लाल,
आणि लालही धड नाही,
डोळ्यात कचरा गेल्यासारखा उघडमीट.

मॉन्तेविदेओत जुलै चाललाय. दारं फुगलीत.
नदीकडून येणारा गारठा
थेट वायरींत शिरतो.
भाच्याने दिलेला नवा लॅपटॉप
सौजन्याने सांगतो:
हे उपकरण ओळखता येत नाही.

अठरा वर्षं, बाबा.
पालेर्मोच्या गल्लीतला प्रत्येक चिको, प्रत्येक रेपिके,
आणि तो जाडा पियानो, ज्याला पियानो का म्हणतात
हे मला आजतागायत कुणी पटवून दिलेलं नाही,
सगळे हिच्यातूनच आत गेले.
आठही खाचा लागतात मला.
दोन खाचांच्या नव्या डब्या मिळतात, ठाऊक आहे.
दोन खाचांत गल्ली मावत नाही.

कंपनीच्या जुन्या पत्त्यावर
आता कुणी गाद्या विकतं.
पेटीच्या शेपटीला एक अडॅप्टर, त्याला दुसरं, दुसऱ्याला तिसरं,
टेबलावर उलटी पडलेली गोमच जणू.
मग यंत्र बंद करून, बटण दाबून धरून,
त्याच्या तळघरात उतरले,
परवानगी द्या, द्या, द्या,
हो, माझ्या जबाबदारीवर.
पुन्हा सुरू. पुन्हा लाल.
तिसऱ्या रात्री हात टेकले.

वाशिंतोन लारामेंदी
(नाव आईने ठेवलं, त्याचा काय दोष)
पेटी कानाशी धरून हलवतो, कलिंगड पारखावं तशी.
"पेटी धडधाकट आहे. आतली शिकवणी जुनी.
नवी शिकवायची तर जुनाच संगणक लागेल,
नव्याचं ती ऐकायची नाही."
मी म्हटलं, हे पत्र्यावर रंगवून दुकानाला लाव,
आणि संगणक दे.
त्याच्याकडे नव्हता.
सुटे भाग पोटासाठी केव्हाच विकलेले.

होता एक. एल्बिरा बेन्तांकूरच्या बेकरीत,
पिठाने पांढरा,
रोजचे बिस्कोचो मोजत बसलेला.
"हात लावशील तर उधारी बुडाली समज," एल्बिरा म्हणाली.
"तो बंद केला की पुन्हा उठेल याची खात्री नाही.
पहाटे चार ते साडेचार. पहिला घाणा भट्टीत असतो तेव्हा."

तर पहाटे चारला
ट्रे सरकवून केलेल्या वीतभर जागेत
पेटी, मी, मातेचा थर्मास.
पडद्यावर पट्टी सरकते. नऊ टक्के. अकरा.
अकरावरच.
एल्बिरा पाठ करून पीठ मळतेय, पण कान इकडे.
"एवढं काय आहे गं त्यात?"
मी सांगायला गेले,
आणि मला रविवारचे ढोलवाले आठवले,
फुटपाथवर रद्दी पेटवून
सैल पडलेलं कातडं शेकत बसलेले,
मधूनच बोटाने टिचकी: अजून नाही.
पण तिला मी एवढंच म्हटलं,
"काही नाही. कामाची वस्तू आहे."

चार एकतीस. शंभर.
संगणक उठला, बिस्कोचो मोजू लागला.
एल्बिराने हातावर दोन गरम ठेवले,
आणि वहीत लिहिले.

घरी आले. गोम जोडली.
लॅपटॉप अजून म्हणतोच आहे: अनोळखी उपकरण.
म्हणू दे.
दिवा निळा आहे.

ढोल घरात एकही नव्हता.
माईक लावला, हेडफोन चढवले,
आवाज वाढवत नेला, आणखी, आणखी,
आणि तळाशी एक बारीक, घोगरी घुरघुर.
वायर तपासली. खाच बदलली. तीच.
मग उठून स्वयंपाकघरात गेले
आणि फ्रिजची पिन काढली.

गप्प.

पिन पुन्हा लावली.
पहिली खाच, पहिली नोंद,
अकरा मिनिटं फ्रिज.
पुसायची राहून गेलीय.